सहा मिलिमीटरचं खोटं माप: जुन्या लँड रोव्हरचं बल्कहेड बदलताना

डावा दरवाजा आपोआप उघडायचा. रोज नाही. पुढचं एक चाक खड्ड्यात आणि मागचं दुसऱ्या बाजूचं उंचवट्यावर आलं, गाडीला पीळ बसला, की खट्कन आवाज व्हायचा आणि दार दोन बोटं बाहेर यायचं. कुलूप बदललं, दाराची खाच पुढेमागे सरकवली, बिजागरीच्या पिना नव्या घातल्या. महिनाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. दुसरी तक्रार पाण्याची होती. पावसात चालवली की उजव्या पायाखालचं रबरी मॅट तरंगायला लागायचं. या दोन तक्रारी मी दोन वर्षं वेगवेगळ्या धरल्या आणि त्यांवर वेगवेगळे उपाय केले. दोन्हींचं मूळ बल्कहेडमध्ये, म्हणजे इंजिनमागच्या पोलादी भिंतीत होतं, हे कळायला गाडी उघडावी लागली.

गाडी म्हणजे लँड रोव्हर सीरीज थ्री, ८८ इंच व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), पेट्रोल इंजिनाची, स्टिअरिंग उजव्या हाताला. हे मॉडेल १९७१ ते १९८५ या काळात बनत होतं. पुढे डिफेंडर नावाने ओळखल्या गेलेल्या गाडीतही बल्कहेडची मूळ कल्पना हीच राहिली, त्यामुळे खालचं बरंचसं तिलाही लागू पडेल. सुटे भाग मात्र सगळेच एकमेकांत बसत नाहीत, तेव्हा मागवताना मॉडेल आणि साल नीट पाहून घ्यावं.

लँड रोव्हर पहिल्यांदा लोकांसमोर आली ती १९४८ च्या एप्रिलमध्ये, ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडीचे बहुतेक पत्रे बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले. तेव्हापासून एक समज पसरला की ही गाडी गंजत नाही. पत्रे खरोखरच लोखंडासारखे गंजत नाहीत. पण ते ज्यांच्यावर टांगलेले असतात त्या दोन वस्तू, चेसिस (गाडीची तळाची चौकट) आणि बल्कहेड, पोलादाच्या आहेत. बाहेरून सगळं ठीक दिसतं, रंग चमकतो, आणि आतला सांगाडा हळूहळू संपत जातो. जुन्या लँड रोव्हरची सगळ्यात मोठी फसगत हीच आहे, असं माझं ठाम मत आहे.

बल्कहेड म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधली भिंत. 'भिंत' म्हटलं की तिचं काम कमी वाटतं. क्लच आणि ब्रेकचे पेडल तिच्यावर बसतात. स्टिअरिंगचा दांडा तिच्यातून जातो आणि स्टिअरिंग बॉक्सच्या ब्रॅकेटला तिचा आधार असतो. डॅशबोर्ड, वायपरची मोटर, वायरिंगचा मुख्य गठ्ठा, बॉनेटच्या बिजागऱ्या, दोन्ही मडगार्डांच्या मागच्या कडा, वरची काच आणि दोन्ही पुढच्या दारांच्या बिजागऱ्या, हे सगळं या एका तुकड्याला धरून आहे. आणि तो तुकडा स्वतः उभा असतो मुख्यतः दोन पायांवर. दाराचे दोन खांब खाली येतात आणि चेसिसमधून बाजूला निघालेल्या दोन हातांवर, म्हणजे आउटरिगरवर, प्रत्येकी एका लांब बोल्टने बसतात. या दोन पायांपैकी एक खचला, तर गाडीच्या पुढच्या अर्ध्या भागातलं कुठलंच माप भरवशाचं राहत नाही.

रबरी मॅट आणि त्याखालचा डांबरी थर खरवडून काढला तेव्हा फुटवेल, म्हणजे पाय ठेवायचा खोलगट भाग, वरून बरा वाटला. हातोडीने टोकलं तर आवाज मात्र दबका येत होता. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला किंवा पुटी भरलेला पत्रा 'ठप' असा बोलतो. गाडीखाली झोपून जाड स्क्रूड्रायव्हर दाबून पाहिला, तर उजव्या फुटवेलच्या कोपऱ्यात तो मुठीपर्यंत आत गेला. डाव्या बाजूला जाड पत्र्याचं ठिगळ होतं, त्याखाली आणखी एक ठिगळ, आणि त्याखाली मूळ पत्र्याची तपकिरी पापुद्रेवजा राख. पूर्वी कुणीतरी गंज न काढताच वरून पत्रा चढवला होता. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी केशाकर्षणाने शिरतं आणि तिथून सहज वाळत नाही. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून फुगत जातो आणि पत्रे एकमेकांपासून उचलतो. असं ठिगळ लावल्याने गंज थांबत नाही, त्याला ओलसर जागा तेवढी मिळते.

उजव्या बाजूचं कारण निराळं होतं. क्लचच्या मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडल दाबल्यावर फ्लुइड ढकलणाऱ्या भागातून, फ्लुइड थेंबथेंब गळत होतं. ब्रेक आणि क्लचचं फ्लुइड रंग विरघळवतं. रंग गेला, उघडा पत्रा राहिला, वरून ओल्या बुटांचं पाणी. काचेखालच्या हवेच्या झडपांची रबरं कडक होऊन फाटली होती, तिथलं पाणी आतून उतरत थेट त्याच कोपऱ्यात यायचं. झडपांच्या मागचा भाग दोन पत्र्यांचा असल्यामुळे वरचे दोन्ही कोपरे फुगले होते. दाराच्या खांबांना खाली पाणी जायला भोकं असतात, तीही चिखलाने बुजलेली. मडगार्ड जिथे बोल्टने बल्कहेडला जोडलं होतं तिथे ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमली होती. ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की झिजतं ते ॲल्युमिनियम, आणि मग बोल्टाची भोकं मोठी होत जातात.

मग प्रश्न आला, करायचं काय. फुटवेल आणि खांबांच्या पायांचे तयार तुकडे मिळतात. खराबी तेवढ्यापुरती असती तर तेच केलं असतं, कारण चांगलं बल्कहेड उगाच गाडीतून काढू नये. पण इथे दोन्ही फुटवेल, दोन्ही पाय, झडपांचे वरचे कोपरे आणि डाव्या बिजागरीमागचा पत्रा, इतकं गेलं होतं. गाडीवर ठेवूनच कापत गेलो असतो तर मूळ आकार सांभाळायला काही उरलंच नसतं. नवं बल्कहेड हा एक पर्याय होता. मी दुसरा निवडला. त्याच मॉडेलचं एक जुनं, वरचा भाग धड असलेलं बल्कहेड घेतलं. त्याचे फुटवेल आणि पाय बदलायचे आणि मग ते वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ करायचं, असं ठरवलं. या निवडीत एक अट आपोआप येते: जस्त चढल्यावर कापणं, जोडणं, भोक सरकवणं यातलं काहीही करायचं नाही. म्हणजे सगळी जुळवाजुळव त्याआधीच गाडीवर प्रत्यक्ष बसवून व्हायला हवी. ही अट पाळली म्हणून पुढचा घोळ वेळेत सापडला.

उघडण्याआधीची मापं

गाडी सपाट काँक्रीटवर चार घोड्यांवर, म्हणजे टेकूच्या स्टँडवर, घेतली आणि चेसिसला पाणसळ लावून चारही कोपरे एका पातळीत आणले. हे काम कंटाळवाणं आहे, पण चेसिस तिरकी असेल तर पुढे ओळंबा आणि पाणसळ दोघेही खोटं बोलतात. मग दोन्ही दारांच्या चौकटींची रुंदी वर, मध्ये आणि खाली घेतली. खालच्या बिजागरीच्या बोल्टापासून मागच्या खांबाच्या वरच्या टोकापर्यंत कर्ण घेतला. गाडीच्या आतून आडवे दोन कर्ण घेतले, डाव्या खालच्या बिजागरीपासून उजव्या वरच्या बिजागरीपर्यंत आणि त्याच्या उलट. मडगार्ड, बॉनेट आणि काच यांच्या फटी मोजून वहीत चित्रासह लिहिल्या.

इथे एक मोठी चूक झाली, जी त्या दिवशी चूक वाटली नाही. ही सगळी मापं मी जुन्या, गंजलेल्या, ठिगळं लावलेल्या बल्कहेडवर घेतली. चेसिसच्या मुख्य पट्टीपासून दोन्ही आउटरिगरची उंची घेतली नाही. तिथपर्यंत पोचायला चिखल आणि जाड काळा थर खरवडावा लागला असता. मी ते पुढे ढकललं.

सुटं करणं

या भागावर फार लिहीत नाही, कारण क्रम गाडी स्वतःच सांगते. बॅटरी आधी काढली. या गाडीत पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असते, म्हणजे जिथे ग्राइंडरच्या ठिणग्या उडणार त्याच्या हातभर मागे. टाकी उतरवून दूर नेली आणि पाइपांची तोंडं बंद केली. ठिणगी पाडणारं एकही काम त्याआधी केलं नाही आणि कुणीही करू नये. नंतर बॉनेट, दारं, मडगार्ड, फ्लोअरचे पत्रे, गिअरबॉक्सवरचं झाकण. काचेची चौकट छताला बोल्टने धरलेली असते. छत खालून लाकडी टेकूंवर घेऊन चौकट सोडवली.

वायरिंगच्या प्रत्येक टोकाला कापडी पट्टी बांधून तिच्यावर लिहिलं. वायरींचे रंग जुन्या गाडीत मळून सगळे सारखेच दिसतात, नुसत्या फोटोवर विसंबलो असतो तर फसलो असतो. ब्रेक आणि क्लचचं फ्लुइड भांड्यात काढून पाइपांना रबरी टोप्या घातल्या. बोल्टांपैकी निम्मे पान्याने सुटले, उरलेले कापले. मडगार्डाच्या बोल्टांवर मात्र ग्राइंडर चालवताना ॲल्युमिनियमचा पत्रा सांभाळावा लागतो. तिथे आम्ही बोल्टाचं डोकं ड्रिलने उडवलं. वेळ तिप्पट गेला, पत्रे मात्र शाबूत राहिले.

बल्कहेड दोघांनी मिळून उचललं आणि डावा पाय आउटरिगरवरून सुटताना खाली गंजाचा एक ढीग पडला. त्या ढिगातून जाड पोलादाची एक चपटी पट्टी निघाली. मी ती बाजूला ठेवली. तिचा अर्थ दहा दिवसांनी लागला.

दुसरं बल्कहेड तयार करताना

आणलेल्या बल्कहेडचा रंग काढायला वाळूचा मारा वापरला, पण सपाट पत्र्यांवर हलक्या हाताने. जोराचा मारा पत्र्याला ताणतो आणि मग तो डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर टकटकत राहतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि गंजाची धूळही छातीत जाते, म्हणून तोंडावर नीट बसणारा मास्क हवाच.

जुने फुटवेल काढण्याआधी आम्ही दोन्ही दारांच्या खांबांमध्ये चौकोनी नळीचे दोन आडवे आणि एक तिरपा आधार टॅक करून, म्हणजे वेल्डच्या तात्पुरत्या टाक्यांनी जोडून, घेतले. फुटवेल निघाले की खांब आतबाहेर हलायला मोकळे होतात, आणि वेल्डिंगची उष्णता त्यांना खेचतेच. माझा वेल्डर मित्र या बाबतीत फार कडक. "अरे, आधार काढायची घाई करू नकोस," तो मला परत परत सांगत होता, "पत्रा थंड झाल्यावर आकसतो, तेव्हा तो कुठे जाणार हे आपण आधी ठरवून द्यायचं." एका बाजूचं पूर्ण करून मग दुसऱ्या बाजूला जाणं त्याला मान्य नव्हतं. एक टाका डावीकडे, मग उजवीकडे, मग हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत थांबायचं.

कारखान्यात हे पत्रे स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी, जोडलेले असतात. प्रत्येक स्पॉट शोधून त्यावर ड्रिल मारला, फक्त वरचा पत्रा कापेल इतकाच. नवीन पत्र्याला त्याच अंतरावर भोकं पाडून मिग वेल्डिंगच्या मशीनने ती भरली. ०.८ मिलिमीटरची तार, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. मधल्या जोडांवर रंग किंवा प्रायमर मुद्दाम लावला नाही, कारण हे सगळं पुढे आम्लाच्या आणि जस्ताच्या टाकीत जाणार होतं. जे लोक गॅल्व्हनाइझ न करता रंगच देणार असतील त्यांनी जोड बंद होण्याआधी आतल्या बाजूंना वेल्डिंग सहन करणारा जस्ताचा प्रायमर जरूर लावावा. तिथे पुन्हा कधीच ब्रश पोचत नाही.

नव्या पायांच्या बोल्टांची भोकं आम्ही शेवटपर्यंत थोडी लहान ठेवली होती. ती गाडीवर बसवूनच पूर्ण करायची होती.

जुळवणी, आणि ती पट्टी

बल्कहेड गाडीवर ठेवलं, पायांचे बोल्ट हाताने अडकवले, दारं टांगली. उजवं दार पहिल्याच प्रयत्नात जवळजवळ बसलं. डावं दार मागच्या टोकाला खाली टेकत होतं, आणि वर काचेच्या चौकटीच्या बोल्टाची भोकं एकमेकांना चुकत होती. डावीकडचं आणि उजवीकडचं, दोन्ही एकाच दिशेने चुकत होती.

संशय साहजिकच वेल्डिंगवर गेला. फुटवेल बदलताना चौकट वाकडी झाली असणार असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी फार खचलो होतो. मित्राने आधी आडवे कर्ण मोजायला लावले. दोन्हींत एक मिलिमीटरचाही फरक नव्हता. म्हणजे बल्कहेड स्वतः काटकोनात होतं. मग गुण्या बाजूला ठेवून त्याच्या वरच्या कडेवर पाणसळ ठेवली. बुडबुडा उजवीकडे गेला. पूर्ण बल्कहेड डाव्या बाजूला झुकलं होतं. ताठ चौकट ज्यावर उभी आहे ती जागाच तिरकी असली की नेमकं असंच होतं: कर्ण बरोबर येतात, पाणसळ चुकते, आणि वरची सगळी भोकं एकाच दिशेने सरकतात.

तेव्हा चेसिसच्या पट्टीपासून दोन्ही आउटरिगरची उंची घेतली. डावा सहा मिलिमीटर खाली होता. आणि ती चपटी पट्टी कॅलिपरने मोजली तर गंज धरूनही सहाच्या आसपास भरली.

घडलं असं असणार. पूर्वी कधीतरी डावा आउटरिगर बदलला गेला आणि तो खाली वेल्ड झाला. दार बसेना, तेव्हा खांबाच्या पायाखाली पट्टी सरकवून उंची भरून काढली. दोन चुका एकमेकींना फेडत होत्या, आणि मी जुन्या गाडीवर जी मापं घेतली त्यांत ही फेड धरलेली होती. म्हणून ती वहीत इतकी व्यवस्थित दिसत होती. पुढे पट्टी गंजली, पाय खचू लागला, आणि गाडीला पीळ बसला की डावा खांब आउटरिगरवर वरखाली हलायचा. दार उघडायचं ते त्यामुळे. मी दोन वर्षं कुलूप दुरुस्त करत होतो.

आता दोन रस्ते होते. तशीच नवी, चांगली रंगवलेली पट्टी घालायची, म्हणजे गाडी त्याच दिवशी जुळली असती. पायाखाली एखाद-दोन मिलिमीटरचे शिम (पातळ चकत्या) घालणं रीतसरच आहे, त्यात गैर काही नाही. सहा मिलिमीटर मात्र शिमने भरायचं अंतर नव्हे. बोल्टावर तिरका भार येतो आणि फटीत पाणी साचतं. तरीही मी डगमगत होतो, कारण आउटरिगर कापणं म्हणजे चेसिसला हात घालणं. शेवटी काळा थर खरवडला तेव्हा प्रश्नच उरला नाही. आउटरिगर गंजाच्या वरूनच वेल्ड केला होता. कडेकडेने वेल्डचा मणी दिसत होता, पण तो चेसिसच्या पत्र्यात मुरलाच नव्हता, नुसता वर बसला होता. ग्राइंडर अर्ध्यावर असतानाच आउटरिगर हाताने हलला.

खालचा चेसिसचा पत्रा तळहाताएवढ्या जागेत पातळ झाला होता. तो भाग चांगल्या धातूपर्यंत कापून त्याच जाडीचा तुकडा काठाला काठ मिळवून बसवला. नवीन आउटरिगर जोडताना बल्कहेडचाच साचा केला: उजवा पाय त्याच्या जागी कसला, वरच्या कडेला पाणसळ, काचेची चौकट बोल्टने अडकवलेली, दोन्ही दारं बंद. या स्थितीत डाव्या पायाला नवीन आउटरिगर बोल्टने टांगला आणि तो चेसिसला जिथे टेकला तिथे टॅक केला. दारं उघडून-मिटून पाहिली, कर्ण पुन्हा घेतले, बुडबुडा मध्ये होता. मग बल्कहेड उतरवून वेल्ड पुरा केला, वर थोडा, खाली थोडा, आलटून पालटून. बल्कहेड परत चढवलं तेव्हा फरक एका मिलिमीटरच्या आत होता. पायाच्या बोल्टांची भोकं त्याच दिवशी पूर्ण मापाला नेली.

जस्त

जस्त ४१९.५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि गॅल्व्हनाइझिंगची टाकी साधारण ४५० अंशांवर ठेवतात. बंद पोकळीत हवा किंवा पाणी अडकलेलं असेल तर त्या तापमानाला ती पोकळी फुटते. टाकीजवळच्या माणसांच्या जिवाशी हा खेळ आहे. म्हणून खांबांना आणि वरच्या आडव्या पोकळीला वर हवा जायला आणि खाली जस्त निथळायला अशी जास्तीची भोकं पाडली, आणि ती कुठे आहेत याचं चित्र सोबत दिलं. तिरपा आधार काढला, पण खांबांमधली खालची नळी तशीच ठेवून तिलाही भोकं पाडली. पातळ पत्रा गरम टाकीत हलतो, त्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं.

आयएसओ १४६१ या मानकानुसार दीड ते तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादावर जस्ताचा थर सरासरी किमान ५५ मायक्रॉन असावा लागतो, आणि त्याहून पातळ पत्र्यावर ४५. थर केसाएवढाच आहे, पण जस्त पोलादाआधी स्वतः झिजतं, त्यामुळे ओरखडा पडला तरी त्याखालचा पत्रा वाचतो. शिवाय जस्त आणि ॲल्युमिनियम यांचं पोलाद आणि ॲल्युमिनियमइतकं वाकडं नाही, म्हणून मडगार्डाच्या कडाही जास्त टिकतील.

परत आलं तेव्हा झडपांमधला सपाट पत्रा किंचित फुगला होता. डॅशबोर्डखाली दिसत नाही, म्हणून तसाच ठेवला. आत वेल्ड केलेले नट जस्ताने भरले होते, प्रत्येकात टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवावा लागला. ओघळ कानशीने घासले. दोन ठिकाणी पत्र्यांच्या जोडातून तपकिरी ओघळ आला; जोडात अडकलेलं आम्ल बाहेर येत होतं. रंगाची घाई केली नाही. जोड गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन वाळवले आणि आठवडाभर नुसतं ठेवून पाहिलं. नव्या गुळगुळीत जस्तावर साधा रंग धरत नाही, पापुद्र्याने सुटतो. आधी जस्तासाठीचा एच (etch) प्रायमर, मग इपॉक्सी प्रायमर, सगळ्या जोडांवर सीलर, आणि शेवटी रंग. नंतर खांबांच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारलं, खालच्या भोकांतून ते टपकेपर्यंत. ती भोकं नंतर तारेने मोकळी केली, हे विसरू नये.

परत जोडताना

पायांचे लांब बोल्ट सगळ्यात शेवटी आवळले. आधी सगळं सैल: पाय, काचेची चौकट, दारं, मडगार्ड. दारं बंद करून फटी सारख्या केल्या, मग काचेची चौकट, मग पाय, मग मडगार्ड. उलट क्रमाने गेलं की दार बल्कहेडला जुळवण्याऐवजी बिजागरीच वाकवावी लागते. पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे मध्ये सीलरचा थर आणि बोल्टांखाली नायलॉनचे वाशर घातले. पेडलचं उजवीकडचं खोकं आणि डावीकडची, न वापरलेल्या पेडलच्या जागेवरची झाकणपट्टी, दोन्ही नव्या गॅस्केटवर बसवली. जुन्या गाडीत त्या झाकणपट्टीखालूनही पाणी येत होतं. रबरी गॅसकेट, झडपांची रबरं आणि वायरिंग जिथून जातं तिथले रबरी गुंडे, सगळे नवे घेतले. क्लचचं मास्टर सिलिंडर बदललं, नाहीतर वर्षभरात उजव्या फुटवेलचा रंग पुन्हा गेला असता. वायरिंगची अर्थिंगची टोकं जिथे बसतात तिथला रंग खरवडून उघड्या जस्तावर बसवली. इंडिकेटर आणि वायपर नीट न चालण्याचं कारण बऱ्याचदा रंगावर बसलेलं अर्थिंगचं टोक हेच असतं.

ब्रेक आणि क्लचमधली हवा काढली, स्टिअरिंगच्या ब्रॅकेटचे बोल्ट दोघांनी स्वतंत्रपणे तपासले, आणि मगच गाडी घोड्यांवरून उतरवली. पहिले काही किलोमीटर हळू चालवून पायांचे बोल्ट पुन्हा पाहिले. डावा पाव फेरा आला, उजवा आला नाही.

पाण्याच्या नळीने अर्धा तास पाणी मारलं. उजवा फुटवेल कोरडा राहिला. डाव्या झडपेच्या बाहेरच्या कोपऱ्यातून एक थेंब उतरत होता. झडपेच्या बिजागरीखाली एक पातळ वाशर घालून रबराचा दाब वाढवला, तो थेंब बंद झाला. स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीही थोडा ओलावा आला होता, तिथला रबरी गुंडा उलटा बसवला होता.

मग गाडी त्याच खड्ड्यावर नेली. पुढचं डावं चाक खाली, मागचं उजवं वर, आणि तिथेच उभी केली. डाव्या दाराच्या फटीत वर आणि खाली कागदाच्या पट्ट्या अडकवल्या होत्या. दोन्ही आपापल्या जागी तशाच घट्ट होत्या. दार आतून बाहेर ढकलून पाहिलं, हललं नाही. सहा मिलिमीटरची ती पट्टी धुऊन, तिच्यावर तारीख लिहून, मापांच्या वहीत पहिल्या पानाला चिकटवली आहे. त्याच पानावर आता दोन्ही आउटरिगरची चेसिसपासूनची उंची लिहिलेली आहे.